सगळ्यात मागची सायकल

९ फेब्रुवारी

ठकू,

आशीर्वाद आधीच देऊन टाकते. बोलता बोलता शेवटी राहून जातात आणि मग तुला वाटतं आजी रागावली. खालच्या मजल्यावरची शिवणवाली लिहून घेतेय. तिच्याकडे आज कुणाच्या तरी पडद्यांची गडबड आहे, तेव्हा भरभर सांगा म्हणाली. मी म्हटलं, मला आता भरभर फक्त झोप येते.

तुझा फोटो पोचला. फोनपेक्षा हे बरं. फोनमध्ये तुझा आवाज मला डब्यात वाटाणे हलवल्यासारखा ऐकू येतो. फोटोत तुझ्या डोक्यावर जे आहे त्याला ही हेल्मेट म्हणते. मला वाटलं, तू चाळण घालून उभी आहेस. सायकलीला घंटी नाही, स्टँड नाही, मडगार्ड नाही, मागे काही ठेवायला जागा नाही. अर्धी सायकल देऊन बोळवण केली की काय तुझी? आणि चाकं इतकी बारीक, की काढलेल्या चित्रातली वाटतात.

मला एक सांग. रविवारी अंधारात उठायचं, एवढ्या लांब जायचं, तिथून काही आणायचं नाही, कुणाकडे जायचं नाही, आणि परत आपल्याच दारात यायचं. मग निघायचं कशाला?

असो. तू लिहिलंस, शनिवारी दुकान बंद झाल्यापासून सोमवारी उघडेपर्यंत तुझ्या तोंडातून एक शब्द बाहेर पडत नाही. ते वाक्य शिवणवालीनं दोनदा वाचलं. मी सांगितलं नव्हतं तरी. परक्या गावात, दुकानाच्या मागच्या खोलीत चष्म्याच्या काचा घासत बसायचं आणि घरी येऊन भिंतीकडे बघायचं, हे काही तुझं वय नाही. तेव्हा जा बाई. सायकलवर माणसं भेटत असतील तर सायकलवर जा. पडलीस तर मला लिही. खोटं लिहू नकोस, मला ऐकूनसुद्धा कळतं.

तुझी आजी

२ मार्च

आजी,

पडले. तू बजावलंस म्हणून खरं लिहिते. आणि पडले तीसुद्धा थांबलेली असताना.

या सायकलचे बूट वेगळे असतात. तळाला एक पट्टी असते, ती पेडलमध्ये खटकन अडकते. पाय काढायचा तर टाच बाहेर फिरवायची. सिग्नल लाल झाला, सगळे थांबले, मीही थांबले, टाच फिरवायची विसरले, आणि झाड तोडल्यासारखी हळूहळू आडवी झाले. शेजारी बस उभी होती. बसमधल्या एका बाईनं टाळ्या वाजवल्या.

रविवारच्या सायकल गटात दहाबारा जण आहेत. त्यांचा कप्तान शाळेत गणित शिकवतो. सगळ्यात पुढे असतो एक दंतवैद्य, त्याला सगळे दातवाला म्हणतात. तो पायांचे केस काढतो. वारा अडतो म्हणे. सगळ्यांनी एकामागोमाग एक जायचं, पुढच्याच्या चाकाला जवळजवळ चिकटून. पुढचा वारा झेलतो, मागच्याला सोपं जातं. पुढच्याला खड्डा दिसला की तो हात खाली करून दाखवतो, मग दुसरा तिसऱ्याला, असं शेवटपर्यंत. फार सुंदर दिसतं. पण पुढचं चाक एकदा सुटलं की सगळा वारा तुझ्या एकटीच्या छातीवर.

पाण्याच्या टाकीपाशी मोठा चढ आहे, तिथं मी सुटले. बघता बघता सगळे एवढेएवढेसे झाले. मला रडू यायला लागलं. तेवढ्यात शेजारून आवाज आला, "रडायचं असेल तर वर पोचल्यावर रड. चढावर दोन्ही जमत नाही."

ते मागचे काका. जन्मभर शहरातली बस चालवली, आता निवृत्त आहेत. गटाचा नियम असा, की एकानं सगळ्यात मागे राहायचं आणि जो सुटेल त्याला बरोबर घेऊन यायचं. त्याच्या मागे कुणी असता कामा नये. ते काम काका करतात, कधीपासून ते कुणालाच आठवत नाही. वळण आलं की पुढचे थांबतात. काका वळणावर येतात, हात वर करतात, म्हणजे मागे कोणी राहिलं नाही. मगच सगळे निघतात.

मी म्हटलं, तुम्ही जा पुढे, मी येते हळूहळू. म्हणाले, "बस मागे ठेवून ड्रायव्हर पुढे जातो का गं?"

आजी, मी घरी आले तेव्हा घसा दुखत होता. इतकं बोलले.

ठकू

२१ मार्च

ठकू,

त्या टाळ्या वाजवणाऱ्या बाईचा पत्ता मिळाला तर कळव, आमचं जमेल.

दातवाल्याच्या पायांचं ऐकून शिवणवालीची सुई हातातून पडली. ती अजून शोधतेय, म्हणून अक्षर असं आलंय. त्याच्या आईला कुणी सांगितलंय का हे? केसांत वारा अडतो तर त्यानं भुवयासुद्धा काढाव्यात.

तुझ्या काकांना माझा नमस्कार सांग. म्हणावं, माझी नात लहानपणापासून अशीच आहे, आधी रडते आणि मग चढते. चांगला माणूस दिसतोय. मागे राहायचं काम कुणी आपणहून मागून घेत नाही. त्यांचं चाक सोडू नकोस.

पडलीस तिथं हळद लावलीस का, हे विचारणार होते. पण पडल्याला आता तीन आठवडे झाले, तेव्हा माझी काळजी वाया गेली.

तुझी आजी

१४ जुलै

आजी,

इतके दिवस पत्र नाही, रागावू नकोस. रविवार भरलेले असतात आता. फेरी संपली की आम्ही सगळे बेकरीसमोरच्या कट्ट्यावर बसतो, घाम वाळेपर्यंत. कप्तानानं माझी सीट वर करून दिली. दुकानातसुद्धा मी बोलायला लागलेय. परवा एका गिऱ्हाइकाला म्हटलं, ही फ्रेम तुम्हाला शोभत नाही. मालक दचकले.

दातवाला मला 'डबा' म्हणतो. गाडीच्या शेवटी जोडलेला. म्हणजे, मी अजून मागेच असते. काका आणि मी. टाकीच्या चढावर मी पाणी प्यायला थांबते, तोवर काका सायकलची चेन बघतात. चेनीला काही झालेलं नसतं. मग ते बसच्या गोष्टी सांगतात. एक म्हातारे गृहस्थ रोज त्यांच्या बसमध्ये चढायचे आणि कुठंच उतरायचे नाहीत. शेवटच्या थांब्यावर काका विचारायचे, "कुठं जायचंय?" ते म्हणायचे, "तुम्ही कुठं जाताय?" काका सांगतात आणि मी हसते, आणि हसताना आणखी थोडं थांबता येतं.

बुधवारी दुकानाच्या आधी मी एकटीच टाकीवर जाऊन येते. ते जाऊ दे.

काकांचं घर वाटेवरच आहे. आम्ही येतो तेव्हा काकू फाटकात उभ्या असतात. माझ्याकडे बघतात, पण हसत नाहीत. काका म्हणतात, "तिला सायकलच आवडत नाही, तू मनावर घेऊ नकोस."

ठकू

३ ऑगस्ट

ठकू,

मार्च गेला, जुलै गेला, आणि तू अजून डबाच?

आपल्या घरात मागे राहायची रीत नाही. मी तुझ्या आजोबांबरोबर बाजारात जायची ती पुढे मी, आणि मागे ते पिशव्या घेऊन. लोक म्हणायचे, बाईंनी हमाल चांगला ठेवलाय. आणि तू त्या गुळगुळीत पायाच्या माणसाकडून डबा म्हणवून घेतेस? शेवटीच राहायचं तर सायकल कशाला हवी, चालत जा की.

एकदा, एकदाच त्याला तुझी पाठ दाखव. आणि मला सविस्तर लिही. कुठं गाठलंस, कसा बघितला, तोंड केवढं झालं. मला इथं दुसरी कसली करमणूक आहे? समोरच्या गच्चीवर एक माणूस बनियन वाळत घालतो, तेही आता तो आत घालायला लागलाय. शिवणवाली म्हणतेय, तिलाही ऐकायचंय. बिचारी दिवसभर दुसऱ्यांचे कपडे उसवते.

तू नाही दाखवलीस तर मी समजेन माझी नात आळशी आहे.

तुझी आजी

७ सप्टेंबर

आजी, दाखवली पाठ!

चढाच्या पायथ्याशी दातवाला मागे वळून ओरडला, "डबा जोडलाय का रे नीट?" सगळे हसले. तुझं पत्र माझ्या पाठीवरच्या खिशात होतं. मला काय झालं कुणास ठाऊक. मी पेडलवर उभी राहिले आणि निघाले. आधी गटातले दोघे जुळे भाऊ मागे टाकले, मग कप्तान. कप्तान ओरडला, "अगं, हळू!" शेवटच्या वळणावर मी दातवाल्याच्या शेजारी होते. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघून मान हलवली, दुकानात गिऱ्हाइकाला हलवते तशी, आणि गेले. टाकीपाशी मी पहिली! तो आला तेव्हा स्वतःच्याच खुर्चीत बसल्यासारखा आ वासून श्वास घेत होता. तू तिथं असायला हवी होतीस. मी वळून

२९ सप्टेंबर

आजी, वरचं पत्र त्या रविवारी घरी येऊन लगेच लिहायला घेतलं होतं. तिथंच थांबलं. उरलेलं आज लिहिते.

मी वळून खाली बघितलं. काका अर्ध्या चढावर होते. सायकल हातात धरून चालत होते. एकटे.

मी तुला एक गोष्ट लिहिली नव्हती. तो चढ मला मेपासून जमत होता. काका दमतात हे मला त्याच्याही आधी कळलं होतं. त्यांच्या श्वासाला एक आवाज यायला लागला होता, जाड कापड फाडल्यासारखा. पण मी थांबले की ते थांबायचे. माझ्यासाठी थांबायचे, स्वतःसाठी नाही. म्हणून मी दमायची. दर रविवारी नवं काहीतरी. पाणी, पोटरी, बुटाची पट्टी. तुला लिहिलं नाही, कारण कागदावर उतरलं की ती दया दिसते. दया नव्हती गं. मला त्यांच्याबरोबर मागे राहायला आवडायचं.

वळणावर सगळे उभे होते. काका आले. त्यांनी हात वर केला नाही. माझ्याकडे बघितलं, मग चढाकडे, मग परत माझ्याकडे. चेहऱ्यावर हिशेब चाललेला दिसत होता, आजी. मार्चपासूनचा. मग म्हणाले, "छान चालवतेस." बेकरीपाशी थांबले नाहीत.

त्यानंतर ते आलेच नाहीत. मागे आता कप्तान राहतो. मागे बघून त्याची मान दुखते.

तुझ्यावर रागावलेली नाही. थोडी आहे.

ठकू

१२ ऑक्टोबर

ठकू,

थोडी कशाला, पुरती रागाव.

पहिला अर्धा भाग वाचून झाला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. मग शिवणवाली वाचता वाचता गप्प झाली. मी म्हटलं, वाच की पुढे, पोटात का ठेवतेस. तिनं वाचलं. टाळ्या काही परत घेता येत नाहीत.

चेन ठीक असताना माणूस खाली वाकून चेन का बघतो, हे मला जुलैतच कळायला हवं होतं. मीसुद्धा जिन्यात दर मजल्याला भिंतीचा रंग बघत उभी राहते. शेजारीण विचारते, रंग आवडला का आजी? मी म्हणते, हो, छान दिलाय. आणि मला तुझी पाठ बघायची होती!

सोबत काकांना पत्र आहे. घरी जा आणि त्यांना वाचून दाखव. वाचताना हसायचं नाही, आणि मध्येच "आजी, असं काही नाहीये" म्हणायचं नाही. लिहिलंय तसं वाचायचं.

तुझी आजी

बसवाले भाऊ,

तुम्ही मला ओळखत नाही. मी या मुलीची आजी. मला लिहिता येत नाही, तेव्हा तुम्हीही वाचू नका, नुसतं ऐका. म्हणजे आपली बरोबरी राहील.

त्या दिवशी ही पुढे गेली ती माझ्यामुळे. मी इथून डिवचलं. जिद्दीला पेटलं की माणूस एकदा काहीही करतं. मी एकदा रागाच्या भरात भरलेलं कपाट एकटीनं सरकवलं होतं. मग आठवडाभर आडवी होते, आणि कपाट अजून तिथंच वाकडं उभं आहे. हिचंही तसंच झालंय. आता तिची पोटरी धरते. ती पुन्हा मागे पडते. तो गणिताचा मास्तर काही मागे बघत नाही, त्याला पुढचे आकडे मोजायची घाई. परवा ती रस्त्यात एकटीच राहिली. मला तिनं कळवलं नाही, पण मला कळतं.

तेव्हा तुम्ही या. तिच्यासाठी नको तर माझ्यासाठी. तुम्ही मागे असायचात तेव्हा मला रविवारी झोप लागायची. इतक्या लोकांना घरी पोचवलंत, हिलाही अजून थोडे दिवस पोचवा.

एक म्हातारी

१५ नोव्हेंबर

आजी,

वाचलं. लिहिलंय तसं.

दार काकूंनी उघडलं. "आहेत आत," म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. काका खिडकीपाशी खुर्चीत होते, पायांवर शाल. बारीक झालेत. सायकल दाराच्या आतल्या बोळात भिंतीला टांगलेली, वर जुनी चादर. मी म्हटलं, माझ्या आजीचं पत्र आहे. म्हणाले, "मग बसून वाच. आजीचं पत्र उभ्यानं वाचत नाहीत."

कपाटाशी पोचले तेव्हा ते हसायला लागले. हसता हसता खोकला आला, तो थांबेना. काकू पाणी घेऊन आल्या, पेला ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि परत गेल्या. पत्र संपल्यावर काका डोळे पुसत म्हणाले, "तुझी आजी खोटं फार सुरेख बोलते. इतकी वर्षं लोकांनी मला बसचा पास घरी राहिल्याचं सांगितलं, पण एकालाही एवढं नाही जमलं."

मग खिडकीबाहेर बघत त्यांनी विचारलं,

"कधीपासून जमत होता?"

"काय काका?"

"चढ गं."

मी म्हटलं, "त्याच दिवशी जमला. पहिल्यांदाच." तू मला शिकवलेलं सगळं पणाला लावलं, आजी. डोळ्यांत बघून सांगितलं.

"बरं," म्हणाले. "मी घरी सांगायचो, पोरगी गुणी आहे, पण सावकाश शिकते."

मी विचारलं, रविवारी याल? म्हणाले, "गुडघा बरा झाला की."

गुडघ्याचं नाव त्यांनी आजवर कधी काढलं नव्हतं.

ठकू

२ डिसेंबर

ठकू,

गुडघा म्हणाले ना? मग येतील. ज्याला यायचंच नसतं तो राग सांगतो, गुडघा सांगत नाही. गुडघा म्हणजे माणूस थोडे दिवस मागून घेतो. मी तुझ्या सख्ख्या काकाच्या घरी जायचं गुडघ्यावर चार महिने ढकललं होतं, शेवटी गेलेच की. जेवणही बरं होतं.

तू दर रविवारी त्यांच्या फाटकावरून जा आणि घंटी वाजव. तुझ्या सायकलीला घंटी नाही, विसरले. मग खोक.

खोटं बोललीस ते बरं केलंस. हे वाक्य शिवणवाली लिहायला तयार नव्हती.

तुझी आजी

१८ जानेवारी

आजी,

काका गेले. दुपारी, खुर्चीतच. हृदय.

मी दर रविवारी फाटकावरून जायची. खोकायची. एकदोनदा त्यांनी खिडकीतून हात केला. मला वाटायचं, तू म्हणतेस तसं होणार.

गेल्या रविवारी आम्ही सगळे निघालो. कुणी काही ठरवलं नव्हतं, पण दातवालासुद्धा हळू चालवत होता. टाकीच्या वळणावर थांबलो. सवयीनं सगळ्यांनी मागे बघितलं. रस्ता मोकळा होता. मागे कोण राहायचं हेच आम्ही त्या दिवशी ठरवलं नव्हतं, कप्तानही आमच्यातच होता, तेव्हा हात कोण वर करणार. मग कप्तान म्हणाला, "चला." कुणी निघालं नाही.

तिथून मी काकूंकडे गेले. त्यांनी मला आत घेतलं नाही. दारातच बोलल्या, आवाज न चढवता.

"डॉक्टरांनी गेल्या वर्षीच सायकल बंद करायला सांगितली होती. कुणाला सांगू नकोस म्हणाले. सोडणार होते. मग तू आलीस. म्हणाले, एक नवीन पोरगी आलीय, चढावर मागे राहते, तिला जरा जमू दे, मग सोडतो. दर रविवारी मी विचारायची, जमलं का तिला? म्हणायचे, अजून नाही."

मी त्यांना सांगितलं, आजी. का सांगितलं माहीत नाही. काकांना मी खोटं सांगू शकले, त्यांना नाही सांगता आलं. म्हटलं, काकू, मला मेपासून जमत होतं.

त्यांनी दार लावलं. आपटलं नाही, हळू लावलं.

मी त्यांच्यासाठी थांबत होते आणि ते माझ्यासाठी येत होते. मी दमल्याचं नाटक केलं नसतं तर ते मेमध्येच घरी बसले असते. 'पाठ दाखव' म्हणालीस त्या पत्रानं ते घरी बसले. तूच बरोबर होतीस, चुकून का होईना. आता मला सांग, मी काय करू? सायकल मी दुकानाच्या मागच्या खोलीत नेऊन ठेवलीय. घरी नजरेसमोर नको वाटते.

ठकू

६ फेब्रुवारी

ठकू,

मला बरोबर ठरवू नकोस. मी काही त्यांचं हृदय सांभाळायला डिवचलं नव्हतं, मला करमणूक हवी होती. आणि गुडघ्याचं मी सांगितलेलं साफ चुकलं. या वयात मला वाटायला लागलं होतं, की माणसं आपल्याला कळतात.

शिवणवाली म्हणते, यात कुणाचीच चूक नाही असं लिहूया. मी म्हटलं, ते नको. ते समाचाराला आलेले लोक चपला घालताना म्हणतात. मला माहीत नाही चूक कुणाची. ते घरी बसले असते तर किती जगले असते, तेही मला माहीत नाही. तुझ्या संगतीतले ते रविवार त्यांना गोड लागले असणार, एवढं मी शपथेवर सांगेन. पण ते गोड लागले म्हणून काकूंनी काय करायचं? त्यांना नवरा हवा होता, नवऱ्याचा आनंद नको होता. तुझे आजोबा गेले तेव्हा जो येईल तो म्हणायचा, सुखानं गेले हो. मला वाटायचं, एकेकाला जिन्यावरून ढकलावं. ते गेले सुखानं, त्या सुखाचं मी काय करू?

काकूंना राग आलाय, आणि ज्याच्यावर काढायचा तो माणूस निघून गेला. जिवंत असताना त्यांनी तो पोटात ठेवला, फाटकात उभं राहून. तुमचा कप्तान नि दातवाला त्या रागाच्या काही कामाचे नाहीत, ते फुलं ठेवून जातील. तू कामाची आहेस.

तेव्हा रविवारी जा. सकाळी, तुमची निघायची वेळ असते त्याच वेळी. त्या जाग्या असतील, इतक्या वर्षांची सवय आहे. सायकलवर जाऊ नकोस, चालत जा. माफी मागू नकोस. मागितलीस की त्यांना ती द्यावी लागेल, आणि सध्या त्यांच्याकडे द्यायला काही नाही. रडू नकोस, नाहीतर त्यांनाच तुझी समजूत घालत बसावं लागेल. बोलतील ते ऐकून घे. खोटं बोलल्या तरी खोडू नकोस. दार उघडलं नाही तर पायरीवर थोडा वेळ बस आणि घरी ये. पुढच्या रविवारी परत जा.

कुठवर, असं विचारशील. राग आटेपर्यंत. राग आटला की त्यांना खरं रडू येईल, आणि तेव्हा घरात त्या एकट्या असू नयेत.

मला लिही. सविस्तर नको.

तुझी आजी

२ मार्च

आजी,

पहिल्या रविवारी दार उघडलं नाही. पायरीवर बसले आणि घरी आले. दुसऱ्या रविवारी उघडलं, आणि उघडंच ठेवून त्या आत गेल्या. मी बोळातच उभी राहिले.

काल म्हणाल्या, "बस."

मग बोलल्या. डॉक्टरांवर, काकांवर, सगळ्यात जास्त माझ्यावर. तुझं ते पत्र त्यांनी तेव्हा स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं होतं. तुझ्याबद्दल जे बोलल्या ते लिहीत नाही, शिवणवालीला वाचावं लागेल. मी काही खोडलं नाही. रडले नाही. बाहेर ऊन चढलं तरी त्या बोलत होत्या. मग एकदम थांबल्या, धाप लागल्यासारख्या.

मी निघाले. दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "पुढच्या रविवारी जरा लवकर ये. माझं अजून बरंच बोलायचं राहिलंय."

ठकू